चार फूट

४ नोव्हेंबर

भिंगरी,

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. समोरचं माणूस दिसलं नाही की मी नुसता 'हो, हो' करतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

आपल्या स्टेडियमला या जानेवारीत पन्नास वर्षं होतात. समिती स्मरणिका काढतेय आणि तिच्यात स्टेडियमचा इतिहास लिहायचं काम चिटणीसांनी माझ्या गळ्यात मारलंय. म्हणे, चाळीस वर्षं तुम्ही तिथली माती उकरलीत, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार! आता मैदानावर चुन्याची फक्की मारणाऱ्या माणसाला लेखक करायचं म्हणजे कठीणच. रेषा सरळ जाते, पण वाक्य काही सरळ जाता जात नाही. तरी चार पानं झालीत, सोबत पाठवतोय. तू जन्मभर क्रीडा अधिकारी म्हणून अहवाल लिहीत आलीस, तेव्हा लाल पेन घेऊन बस.

सुरुवात खड्ड्यापासून केलीय. वीटभट्ट्यांनी माती काढून काढून केलेला तो खड्डा; त्याच्या उतारालाच पायऱ्या पाडल्या आणि गॅलरी तयार झाली. म्हणून आपलं स्टेडियम रस्त्यावरून दिसत नाही, फाटकातून आत गेल्यावर एकदम पायाखाली दिसतं. आधी फुटबॉल, मग त्याभोवती धावायचा मातीचा ट्रॅक. पुढे लोकांच्या ध्यानात आलं की एवढी सपाट जागा शहरात दुसरी नाही. मग जे कुठेच मावेना ते आमच्याकडे यायला लागलं. फुलांचं प्रदर्शन, सर्कस, गाण्याचे जलसे, पोलिसांची कवायत, गाडी चालवायच्या परवान्याच्या परीक्षा. एकदा तर दुपारी बंद हॉलमध्ये मतमोजणी संपली आणि संध्याकाळी तिथेच टेबल टेनिस होतं. हरलेला उमेदवार खुर्चीतून उठेना, तर आम्ही त्याच्या भोवतीने टेबलं लावली. खालची वस्ती जळाली त्या वर्षी अकरा दिवस सातशे माणसं दक्षिण गॅलरीखाली राहिली. उंच उडीच्या गाद्यांवर एक बाई बाळंत झाली. हे सगळं लिहिलंय.

आता बातमी. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मातीच्या ट्रॅकवरचे विक्रम लिहिणार आहेत. कृत्रिम ट्रॅक आला तेव्हा मातीवरचे विक्रम बंद झाले, ते आता कोणी मोडणार नाही. महिलांच्या चारशे मीटरमध्ये तुझं नाव, सत्तावन्न पूर्णांक तीन सेकंद, वीतभर उंचीच्या अक्षरांत. बारा जानेवारीला पडदा तुझ्याच हातून सरकवायचाय. चिटणीसांचं रीतसर पत्र येईलच.

तुझ्या विक्रमाबद्दल मी पानांत काही लिहिलेलं नाही. घरच्या माणसाने लिहिणं बरं दिसत नाही.

दादा


११ नोव्हेंबर

दादा,

लाल पेन काढून बसले होते, पण उमेदवाराच्या भोवतीने टेबलं लावलीत तिथे आले आणि हसता हसता पेन कुठे घरंगळलं ते अजून सापडलेलं नाही. लिहितोस की झकास! इतकी वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाहीस. एकच चूक आहे. फुलांचं प्रदर्शन सर्कशीच्या आधी नाही, नंतर आलं. मावशी त्या प्रदर्शनातून गुलाबाची कुंडी घेऊन आली होती आणि मी ती पहिल्याच दिवशी दारात पळता पळता फोडली. तुझ्या आईचा तो धपाटा माझ्या पाठीला तारखेसकट आठवतो.

भिंतीचं वाचून मी काय केलं असेल? घरात एक फेरी मारली. वय वर्षं एकोणसाठ. सोफ्याला गुडघा आपटला, तो आता शेकत बसलेय.

पण माझं एक ऐक. इतिहास म्हणजे कोण आलं आणि कोण गेलं एवढंच नसतं. स्टेडियमची शिस्त त्यात यायला हवी. शिवणवाल्या बाईंची मुलगी तुला आठवते का? तीस वर्षं झाली. निवड चाचणी होती, आणि स्टेडियमचा विक्रम मोडेल त्या मुलीला प्रशिक्षण केंद्रात थेट जागा मिळणार होती; राहणं, शिक्षण, सगळं तिथेच. पोर सतरा वर्षांची. पळाली सत्तावन्न पूर्णांक चार. माझ्याहून एक दशांश सेकंद जास्त. निवड समितीत आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघे विरघळले, एका दशांशाने काय होतंय, घेऊन टाकू म्हणाले. मी म्हटलं, "मी याच मातीवर पळाले. मातीने मला काही सवलत दिली नव्हती. नियम म्हणजे नियम." दोघांनीही सही केली. नोकरीत पुढे कितीदा मी नव्या लोकांना हा किस्सा सांगितला असेल! वाईट वाटलं नाही असं नाही, पण तेव्हा ढिलं सोडलं असतं तर पुढे सगळंच ढिलं झालं असतं.

तू तिथेच होतास ना, कडेला टेप गुंडाळत? मग घाल हे. साक्षीदाराने लिहिलेलं बरं.

तुझी भिंगरी


२० नोव्हेंबर

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. पाठ धरली होती.

फुलांच्या प्रदर्शनाची दुरुस्ती केली. मुलीचा किस्सा मात्र बसेलसं वाटत नाही. चिटणीसांनी चारच पानं दिलीत आणि त्यातही मागे छापखान्याची जाहिरात आहे. शिवाय ती मुलगी काही परगावी गेलेली नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत आईचं दुकान आता तीच चालवते. स्टेडियमवरच्या सगळ्या संघांच्या जर्सींवर नंबर आणि नावं तीच शिवते. स्मरणिका तिच्या हातात पडणारच. बाईमाणूस पन्नाशीला आलं, आता कशाला तिची वेळ छापायची?

भिंतीबद्दलही सुचवावंसं वाटतं. नुसतं नाव असू दे, सेकंद नकोत. आकडे कोण वाचतं? नाव वाचतात. तूच चिटणीसांना तसं कळवलंस तर शोभून दिसेल.

सर्कशीचा परिच्छेदही काढून टाकतोय. उगाच लांबलाय.

दादा


२७ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला.

नाव राहू दे, सेकंद नकोत! अरे, धावणाऱ्या माणसाकडे सेकंदांशिवाय असतं काय? नाव तर जन्मल्यावर फुकट मिळतं. तुला माझं कौतुक सलतंय का? स्पष्ट विचारते. समितीने तुझ्यासाठी काहीच केलं नाही, नुसतं लिहायला बसवलं, हे मलाही खटकलंय, आणि मी तसं त्यांना सांगणारही होते. माझ्या सरावासाठी पहाटे तू ट्रॅकवर पाणी मारायचास, हे मी कोणत्या भाषणात सांगितलं नाही? आई गेल्यावर मावशीने मला घरात घेतलं, पण पळायला लावलंस ते तू. मग आज असा का वागतोस?

ते राहू दे. मी चिटणीसांना थेट पत्र लिहून मुलीचा किस्सा पाठवला. त्यांना फार आवडला. 'नियम म्हणजे नियम' असा मथळा देऊन वेगळ्या चौकटीत छापणार आहेत, तिच्या आणि माझ्या वेळेसकट. तुझ्या चार पानांना धक्काही लागणार नाही. झालं समाधान?

भिंगरी


२ डिसेंबर

भिंगरी,

पाठ धरली नव्हती. ते खोटं लिहिलं. आता जे लिहितोय ते बसून वाच.

तुझ्या शर्यतीच्या आधी सर्कस पुन्हा आली होती. ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त राहिली आणि गुरुवारी सकाळी गाशा गुंडाळून गेली. शनिवारी स्पर्धा. मैदानाची चाळण झाली होती, ट्रॅकची एकही रेषा जागेवर नव्हती. आखणी कशी करायचे तुला माहीत आहे. दोन्ही वळणांच्या मध्याला एकेक लोखंडी खुंटी मातीखाली हातभर पुरलेली असायची. ती उकरून काढायची, तिला दोरी बांधून वळण फिरवायचं, मग सरळ बाजू जोडायच्या. शेवटी टेप उलट्या दिशेने लावून सगळी फेरी पुन्हा मोजायची. ती उलटी मोजणी आमचे मिस्त्री कधी चुकू देत नसत. त्या वेळी ते तापाने पडले होते. मी एकटा होतो.

दक्षिणेच्या वळणाला उकरलं, लोखंड लागलं, दोरी बांधली आणि वळण फिरवलं. ते लोखंड सर्कशीच्या तंबूचं होतं. आमच्या खुंटीपासून दोन फूट आत. नेमकं सरळ रेषेत आत, म्हणून रेषा बिनबोभाट जुळल्या. जरा आडवं असतं तर तिथल्या तिथे घोटाळा कळला असता. दोन्ही सरळ बाजू दोन दोन फुटांनी आखूड झाल्या. फेरीला चार फूट कमी.

उलटी मोजणी मी केली नाही. शुक्रवारी अंधार पडायला आला होता, अंग मोडून आलं होतं. पण मिस्त्रींच्या वहीत लिहिलं, 'उलट मोजणी केली, बरोबर.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तू पळालीस. पहिली आलीस ते तुझंच, सगळ्या जणी तेवढंच पळाल्या. पण आधीचा विक्रम साडेसत्तावन्न सेकंदांचा होता, आणि चार फूट म्हणजे तुझ्या त्या वेगाला सेकंदाचा सहावा भाग. मी शंभरदा हिशेब केलाय. तुझी खरी वेळही साडेसत्तावन्नच्याच घरात येते; विक्रम मोडला गेलाच नव्हता.

मला हे चार महिन्यांनी कळलं. पावसाळ्यानंतर नवी आखणी करताना कुदळ दोनदा वाजली. दोन लोखंडं, मध्ये दोन फूट. मी तिथे गुडघ्यांवर बसलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं. मग सर्कशीची खुंटी उपटून भंगारात टाकली. त्या विक्रमावर तुझी नोकरी नुकतीच लागली होती. मी मनाला सांगितलं, हिच्यासाठी गप्प बसतोय. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्या वहीतल्या सहीसाठी होतं.

आणि मग आठ वर्षांनी ती पोर पळाली. बरोबर आखलेल्या ट्रॅकवर. पूर्ण चारशे मीटर. तुमच्या खोलीत काय ठरतंय ते दार उघडं असल्यामुळे मला ऐकू येत होतं. मातीने सवलत दिली नव्हती, हे तुझं वाक्यही ऐकलं. मातीने नाही, मी दिली होती, भिंगरी. माझ्या हातात टेप होती आणि मी ती गुंडाळत होतो. तिची आई कठड्याशी तिच्या चपला हातात धरून उभी होती. निकाल ऐकल्यावर ती सगळ्यांदेखत पोरीला म्हणाली, "शेवटच्या वळणावर ढिली पडलीस." पोरीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तेच दक्षिणेचं वळण. दोन पावलं पुढे जाऊन बोललो असतो तर झालं असतं. मी टेप घेऊन सामानाच्या खोलीत गेलो.

त्यानंतर बाजाराच्या गल्लीतून मी जात नाही. जर्सी आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवत आलो. इतिहास लिहायला घेतला तर लेखणी सर्कशीपाशी येऊन अडते. आता तुझी चौकट छापून येणार, तिच्या वेळेसकट, आणि तिला पुन्हा एकदा शहरभर कमी ठरवणार, म्हणून सांगतोय. नाही तर आजही सांगितलं नसतं, हे लिहितानाच मला माझी लाज वाटते.

तुझं कौतुक मला कधीच सललं नाही.

दादा


२४ डिसेंबर

दादा,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिल्या आठवड्यात तुला पाच पत्रं लिहिली आणि फाडली. त्यात काय होतं ते तुला कळलंच असेल.

दुसऱ्या आठवड्यात वाटलं की तू चुकतोयस, आठवणीत गोंधळ झालाय. पण तो दिवस आठवला. शेवटच्या सरळ बाजूवर मी नेहमी किती पावलं टाकायची ते पायांना पाठ होतं. त्या दिवशी रेषा जरा लवकर आली होती. मी ते वेगाच्या खात्यावर जमा केलं. कोण करणार नाही? पण कुठे तरी खट्ट झालं होतं, आणि मी ते दाबून टाकलं. म्हणजे सगळा दोष तुझ्यावर ढकलायची सोयही मला राहिली नाही.

नोकरी सुटली असती तर सुटली असती. मी काहीतरी केलं असतं. तू मला विचारायला हवं होतंस. माझ्यासाठी गप्प बसलो, असं पुन्हा कधी म्हणू नकोस. तुझ्या त्या गप्प बसण्याने माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. मातीने सवलत दिली नव्हती! आणि मी ते तीस वर्षं मिरवलं रे. प्रशिक्षणात सांगितलं, निरोपाच्या भाषणात सांगितलं. लोक टाळ्या वाजवायचे. आता आंघोळ करतानासुद्धा ते वाक्य आठवतं आणि मी एकटीच मान खाली घालते.

पुढचं ऐकून हसू नकोस. गेल्या शुक्रवारी मी तुला न कळवता तिकडे येऊन गेले. सरळ तिच्या दुकानात. तिने ओळखलं. लगेच उठली, खुर्ची पुसून दिली, "ताई, तुम्ही?" म्हणाली. मला ताई म्हणाली! सगळं बोलायचं ठरवून गेले होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "एक जॅकेट शिवायचं होतं." तिने टेप काढली. खांदा मोजला, बाही मोजली, मग बाही पुन्हा एकदा मोजली. मी पुतळ्यासारखी उभी. माप देऊन बसने घरी परत आले, एवढाच माझा पराक्रम.

मग आठ पानी पत्र लिहून तिला पाठवलं. सगळं, तुझ्या नावासह. चिटणीसांनाही कळवलं की चौकट रद्द, भिंतीवरचं माझं नाव रद्द. ते म्हणाले, आनंदाच्या प्रसंगी कशाला जुनं उकरता? मी म्हटलं, उकरणाऱ्यानेच उकरलंय. बारा तारखेला मी येणार आहे आणि माइक हातात आला की सांगणार आहे. तुझं नाव घेऊ की नको ते तू ठरव. एकदा सांगून टाकलंस की तुला हलकं वाटेल, असं मला वाटतं. मला तरी अजून वाटलेलं नाही.

भिंगरी


१ जानेवारी

मैदानवाले काका,

तुमच्या बहिणीचं पत्र मिळालं. आठ पानं होती. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग गोलकीपरच्या जर्सींची घाई होती ती पूर्ण करून दिली. एका जर्सीवर नंबर उलटा बसला, तो उसवून पुन्हा शिवला. माझ्या हातून असं होत नाही.

राग आला का, असं ताईंनी विचारलंय. आला. पण तो ठेवायचा कुठे ते कळत नाही. तीस वर्षं मी तो स्वतःवर ठेवला होता, तिथे त्याची जागा झाली होती. त्या दिवसानंतर मी पळाले नाही, काका. समोरून बस सुटत असली तरी मी चालत जाते.

मला भिंतीवर नाव नको. सत्कार तर नकोच नको. तुम्ही काय छापायचं ते तुमचं तुम्ही बघा. माफीचं म्हणाल तर आत्ता काही सांगता येत नाही.

माझं एक काम करा. आईला सांगा. ती ऐंशीची झाली, अजून काजं करायला बसते. त्या दिवसाबद्दल तिच्या मनात जे बसलंय ते बसलंय. मी सांगून उपयोग नाही, ती म्हणेल या वयात बहाणे करतेस. ज्याने ट्रॅक आखला त्यानेच सांगायला हवं. तिला ऐकू कमी येतं आणि यंत्र ती कानात घालत नाही. ओरडून सांगावं लागेल. आमच्या इमारतीत ओरडलं की चारही मजल्यांवर ऐकू जातं, हे आधीच सांगून ठेवते.

रविवारी सकाळी दहाला या. दुकानाच्या वर, तिसरा मजला. ताईंचं जॅकेट तयार आहे, तेही घेऊन जा.


५ जानेवारी

भिंगरी,

हलकं वाटेल असं तू लिहिलंस. वाटलं नाही. का ते सांगतो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं नाव घे. काल मी चार पानांत सर्कशीचा परिच्छेद परत घातला, त्यात खुंटी, वही, सही सगळं लिहिलं आणि शेवटी नाव घातलं. चिटणीस वाचून बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "छापू." भिंतीवर तुझ्या ओळीला पांढरा रंग दिला. ती जागा मोकळीच राहणार आहे.

आज दहाला गेलो. तीन मजले चढताना दोनदा थांबलो, दम लागला म्हणून नव्हे. दार उघडंच होतं. खोली एवढीशी, खिडकीला मशीन, भिंतीला लागून जर्सींचे गठ्ठे. म्हातारी खिडकीशी बसून शर्टाची काजं करत होती. मुलगी मशीनवर बसलेली. तिने मला बघितलं, मान हलवली आणि मशीन थांबवलं. बसा म्हणाली नाही. मीही उभाच राहिलो.

मी आधी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. म्हातारी माझ्या ओठांकडे बघत राहिली. "मोठ्याने बोला," मुलगी म्हणाली. मग मी आवाज चढवला. तुला माहीत आहे, मी जन्मात कोणावर ओरडलेलो नाही. मैदानावर शिट्टी वाजवायचो ती आवाज वाचवायलाच. म्हटलं, "मी मैदानावर ट्रॅक आखायचो! तुमच्या मुलीच्या आधी जिचा विक्रम होता, तिच्या वेळी मी ट्रॅक चुकीचा आखला! चार फूट कमी!"

समोरचं दार उघडलं. एक गृहस्थ तोंडात दात घासायचा ब्रश तसाच धरून बाहेर आले. वरच्या जिन्यात कोणाची तरी पावलं थांबली.

"तुमची मुलगी पूर्ण पळाली! ती ढिली पडली नव्हती! ती जिंकायला हवी होती! चूक माझी होती!"

एवढं बोलून मी थांबलो आणि उरलेलं कसंबसं खाली बघत पुटपुटलो. मुलगी म्हणाली, "काका, शेवटचं तिला ऐकू गेलं नाही."

"जाऊ दे," मी म्हटलं.

"नाही. तेच सांगा."

मग मी पुन्हा तोंड वर केलं आणि ओरडलो, "मला तेव्हाच माहीत होतं! मी बोललो नाही!"

 खाली कुठे तरी नळ चालू होता, तो कोणी तरी बंद केला. त्या जिन्यातल्या माणसांकडे बघायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं होतं म्हातारी शिव्या देईल, हातातली कात्री फेकून मारेल. मी त्यासाठी तयार होतो, खरं सांगायचं तर तेच हवं होतं मला. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"शेवटच्या वळणावर?" तिने विचारलं.

"हो! तिथेच!"

"म्हणजे ती बरोबर पळाली?"

"बरोबर पळाली!"

ती माझ्याकडे बघेना. मुलीकडेही बघेना. मांडीवरच्या शर्टाची बाही सरळ करत राहिली. मग कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तशा मोठ्या आवाजात, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर मी हिला जेवायला वाढलं नाही."

भिंगरी, मला हे माहीत नव्हतं. मला फक्त ते कठड्याजवळचं वाक्य माहीत होतं. मी लाज उतरवायला गेलो होतो, आणि ती ऐंशी वर्षांच्या बाईच्या मांडीवर ठेवून मोकळा झालो.

मुलगी मशीनवरून म्हणाली, "मला भूक नव्हती गं."

म्हातारीला ऐकू गेलं नाही. मुलगी उठली, तिच्या खुर्चीशी खाली बसली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आई, मला भूक नव्हती!"

"होती," म्हातारी म्हणाली. "मी पातेल्यावर झाकण ठेवत होते तेव्हा तू बघत होतीस."

दादा